कापूरहोळच्या फाट्यावर उमेदवाराने बोलायचं काय?

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीचे रील्स तुम्ही पाहिले असतीलच. सकाळी उमेदवार कारखान्यात हेल्मेट घालून कामगारांशी गप्पा मारतोय, दुपारी कॉलेजच्या पोरांसोबत सेल्फी, संध्याकाळी चर्च आणि रात्री बड्या देणगीदारांच्या घरी जेवण. दर दोन तासांनी समोरची माणसं बदलतात, त्यांची दुखणी बदलतात, उमेदवाराचा सूरही बदलतो. आपल्याला वाटतं, केवढा तो देश, केवढी ती कसरत! पण ही कसरत बघायला इतक्या लांब जायची गरज नाही. पुणे-सातारा महामार्गावर कापूरहोळला उतरा. स्वारगेटहून तास-सव्वा तासाचा रस्ता, खेड-शिवापूरच्या टोलनाक्यावर अडकलात तर त्याहून जास्त.

फाट्यावर उभं राहून चारी बाजूंना बघा. उत्तरेला पुणे. दक्षिणेला नीरा नदी ओलांडली की साताऱ्याची हद्द आणि शिरवळच्या कंपन्या. पूर्वेचा रस्ता केतकावळ्याचं बालाजी मंदिर आणि नारायणपूर करत सासवडला जातो. पश्चिमेचा रस्ता भोरला, आणि पुढे हिरडोशीच्या खोऱ्यातून वरंध घाटाने कोकणात उतरतो. कापूरहोळ ज्या भोर विधानसभा मतदारसंघात आहे, त्यात भोर आहे, वेल्हे आहे (२०२४ मध्ये मंत्रिमंडळाने त्याचं नाव राजगड करायचं ठरवलं) आणि मुळशीही आहे. मुळशी म्हणजे फक्त धरण आणि भाताची खाचरं नव्हे, हिंजवडीचं आयटी पार्कही त्यातच. म्हणजे तोरण्याच्या पायथ्याला नाचणी पेरणारी आजी आणि हिंजवडीत विसाव्या मजल्यावर फ्लॅट घेतलेला सॉफ्टवेअर इंजिनिअर, दोघांचा आमदार एकच. आजीची तक्रार, गावात एसटी येत नाही. इंजिनिअरची तक्रार, रस्त्यावर गाड्या फार झाल्या.

पूर्वी असं नव्हतं. मुळशी हा वेगळा मतदारसंघ होता. २००८ च्या फेररचनेत तो भोरला जोडला गेला आणि २००९ पासून इथल्या प्रत्येक उमेदवाराला एकाच प्रचारात दोन जगं फिरावी लागतात. त्यात गंमत अशी की या दोन जगांना जोडणारा सरळ रस्ताही नाही. कापूरहोळहून हिंजवडीला जायचं तर पुण्याच्या बायपासवरून वळसा घालूनच जावं लागतं.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय? जिथे जाईल तिथलं बोलायचं. वेल्ह्यात एसटीचं, हिंजवडीत मेट्रोचं, भोरमध्ये एमआयडीसीचं. आणि कापूरहोळमध्ये सुरुवात तर अगदी सोपी. संभाजीराजांच्या दूधआई धाराऊ याच गावच्या, गाडे घराण्यातल्या. त्यांना वंदन करून भाषण सुरू करायला कुठल्याच पक्षाला अडचण नाही. अडचण येते पुढच्या वाक्यापासून.

कारण समोर बसलेले ‘गट’ हे आपण वर्तमानपत्रात वाचतो तसे वेगवेगळ्या खुर्च्यांवर बसलेले नसतात. या पट्ट्यातलं एखादं घर डोळ्यांसमोर आणा. आजोबांचा ऊस निगड्याच्या राजगड सहकारी साखर कारखान्याच्या भरवशावर लावलेला, त्यामुळे त्यांचा पहिला प्रश्न कारखान्याचं धुराडं पेटणार का आणि बिल कधी मिळणार. वडिलांचं हायवेला छोटं हॉटेल, म्हणजे उड्डाणपूल कुठे उतरतो आणि सर्व्हिस रोड कुठून जातो यावर त्यांचा गल्ला ठरणार. आई बचत गटात, आणि जुलै २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे दरमहा १५०० रुपये तिच्या खात्यात. थोरला मुलगा शिरवळला कंपनीत कंत्राटी कामगार. चुलते मुंबईला माथाडी, मतदानापुरते गावात. आणि धाकटी पुण्यात शिकतेय, एमपीएससी की आयटी या विचारात. ती तुम्ही असाल. आता सांगा, या घराला कुठल्या गटात टाकणार? शेतकरी, कामगार, महिला, युवा, व्यापारी, स्थलांतरित, सगळे एका ताटाभोवती जेवायला बसतात. उमेदवाराने दुपारी एकाला दिलेलं आश्वासन रात्री त्याच घरात दुसऱ्यासमोर तपासलं जातं.

माझ्या मते सगळ्यांना काहीतरी देऊ करणं हे उमेदवाराचं खरं आव्हानच नाही. ते कोणीही करतं. २०२४ च्या विधानसभेला महायुतीने १५०० चे २१०० करू म्हटलं, तर महाविकास आघाडीने थेट ३००० ची बोली लावली. खरं अवघड असतं ते दोन गटांच्या मागण्या समोरासमोर येतात तेव्हा. एकाला हो म्हटलं की दुसऱ्याला नाही म्हणावंच लागतं. भोरमध्ये याचं सगळ्यात मोठं उदाहरण कुठलं असेल, तर पाणी.

भोर तालुक्यात भाटघर धरण आहे, साडेतेवीस टीएमसीच्या आसपास साठवणारं, इंग्रजांच्या काळातलं. नीरा देवघर आहे, जवळपास पावणेबारा टीएमसीचं. वेल्ह्यात पानशेत आहे, गुंजवणी आहे. मुळशीतलं टाटांचं धरण तर सगळ्यांना माहीत. त्याच्या विरोधात सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ मध्ये सत्याग्रह झाला होता. जमिनी गेल्या त्या भोर, वेल्हे, मुळशीच्या. भाटघरचं पाणी मात्र नीरेच्या कालव्यांनी खाली बारामती, इंदापूर, फलटणकडे जातं. वर डोंगरातल्या वाड्या-वस्त्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट बघायची. ‘धरण उशाला, कोरड घशाला’ ही म्हण इथे कुणाला समजावून सांगावी लागत नाही.

आता नकाशा थोडा मोठा करा. भोर विधानसभा ज्या बारामती लोकसभा मतदारसंघात येते, त्यात सहा विधानसभा आहेत: भोर, पुरंदर, बारामती, इंदापूर, दौंड आणि खडकवासला. म्हणजे ज्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या ते आणि त्या पाण्यावर ज्यांचा ऊस उभा राहिला ते, दोघेही एकाच खासदाराला निवडून देतात. उमेदवाराने भोरमध्ये ‘आधी इथल्या माणसाला पाणी’ म्हणायचं आणि इंदापूरमध्ये ‘शेवटच्या शेतापर्यंत आवर्तन’ म्हणायचं. दोन्ही वाक्यं ऐकायला चांगलीच आहेत. फक्त धरणात पाणी एकदाच साठतं. गुंजवणीचंही तेच. ते पाणी बंद नळीतून पुरंदरपर्यंत न्यायचं, आणि वाटेतल्या गावांचं म्हणणं की आमचा वाटा आधी ठरवा.

सासवडच्या रस्त्याने थोडं पुढे गेलात तर आणखी एक उदाहरण सापडेल. पुरंदर विमानतळ. सात गावांची जमीन त्यात जाणार, म्हणून तिथले शेतकरी वर्षानुवर्षं विरोधात उभे राहिले. आणि हिंजवडीत काम करणाऱ्या, लोहगावच्या गर्दीला वैतागलेल्या माणसाला नवा विमानतळ आजच हवाय. दोघेही एकाच लोकसभा मतदारसंघातले मतदार. मत दोघांचं एकेकच.

अमेरिकेतल्या उमेदवारांना हेच दुखणं वेगळ्या पिकाचं आहे. तिथे राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षाची उमेदवारी मिळवायची तर सुरुवात बरीच वर्षं आयोवा या राज्यापासून व्हायची. आयोवा म्हणजे मका, आणि मका म्हणजे इथेनॉल. आपल्याकडे ऊसपट्ट्यात इथेनॉलच्या विरोधात कोणी बोलेल का? तसंच तिथे. जॉन मॅकेन यांचा इथेनॉलच्या अनुदानाला विरोध होता. २००० साली त्यांनी आयोवात प्रचार करणंच सोडून दिलं. उलट २०१६ मध्ये टेड क्रूझ इथेनॉलच्या सक्तीला विरोध करत तिथे फिरले. राज्याच्या गव्हर्नरने ‘यांना पाडा’ असं उघड सांगितलं, तरी ते तिथे जिंकले. पुढे उमेदवारी ट्रम्प यांना मिळाली, तो भाग वेगळा. पण मतदाराला नको असलेली गोष्ट त्याच्या तोंडावर सांगूनही मत मिळू शकतं, हे त्यातून दिसलं.

कमला हॅरिस यांची गोष्ट याच्या उलट. २०१९ मध्ये पक्षाची उमेदवारी मिळवण्याच्या शर्यतीत त्यांनी फ्रॅकिंगवर, म्हणजे खडक फोडून गॅस आणि तेल काढण्यावर, बंदी घालायला पाठिंबा दिला होता. पर्यावरणाची काळजी असणारा मतदार खूश. २०२४ मध्ये त्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवार झाल्या, आणि ज्या पेनसिल्व्हेनिया राज्यावर निकाल ठरणार होता तिथे गॅसच्या धंद्यावर हजारो घरं चालतात. मग भूमिका बदलली: बंदी घालणार नाही. जुना व्हिडिओ विरोधकांनी प्रचारभर फिरवला. पेनसिल्व्हेनिया हातचं गेलंच. फक्त यामुळेच गेलं असं कोणी म्हणणार नाही, महागाईपासून बरीच कारणं होती. पण दोन श्रोत्यांना दोन उत्तरं दिली की दोघांनाही शंका येते.

आणि आता तर बंद खोलीही उरलेली नाही. २००८ मध्ये बराक ओबामा सॅन फ्रान्सिस्कोतल्या देणगीदारांसमोर पेनसिल्व्हेनियातल्या छोट्या गावांतल्या चिडलेल्या लोकांबद्दल जे बोलले, ते रेकॉर्डिंग बाहेर आलं आणि त्याच गावांमध्ये वाजलं. २०१२ मध्ये मिट रॉम्नी फ्लोरिडात श्रीमंतांच्या जेवणात म्हणाले की ४७ टक्के लोक सरकारवर अवलंबून आहेत आणि ते आपल्याला मत देणार नाहीत. तिथे कोणीतरी गुपचूप कॅमेरा ठेवला होता. रॉम्नी हरले, ओबामा मात्र जिंकले. त्यामुळे ‘व्हिडिओ आला की खेळ खल्लास’ असंही नसतं. आपल्याकडे तर गुपचूप कॅमेऱ्याची गरजच नाही. उमेदवार भोरच्या चौकात बोलत असतानाच ते पिरंगुटच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पोचलेलं असतं.

आता २०२४ कडे येऊ, कारण त्या एका वर्षात या मतदारसंघाने जे केलं ते राज्यशास्त्राच्या पेपरात यायला हवं.

मार्चमध्ये शरद पवार भोरला अनंतराव थोपटे यांच्या घरी गेले. दोघांमधला जुना संघर्ष जिल्ह्याला माहीत होता. १९९९ मध्ये थोपटेंचा भोरमध्ये पराभव झाला तो पवारांच्याच नव्या राष्ट्रवादीकडून. पंचवीस वर्षांनी गाठभेट झाली, कारण सुप्रिया सुळेंना लोकसभेला भोरची मतं हवी होती. ७ मे रोजी मतदान झालं. सुळे यांच्यासमोर सुनेत्रा पवार होत्या. सुळे १ लाख ५८ हजारांहून जास्त मतांनी जिंकल्या. सहापैकी पाच विधानसभांमध्ये त्यांना आघाडी मिळाली, त्यात भोरही होतं. फक्त शहरी खडकवासल्याने सुनेत्रा पवारांना आघाडी दिली. प्रचार सगळीकडे ‘पवार विरुद्ध पवार’ असाच होता, पण सिंहगड रस्त्यावरच्या सोसायटीत त्याचा अर्थ वेगळा लागला आणि भोरच्या वाडीत वेगळा.

सहा महिन्यांनी, २० नोव्हेंबरला विधानसभा. काँग्रेसचे संग्राम थोपटे २००९ पासून सलग तीनदा निवडून आलेले, आणि लोकसभेला सुळेंच्या बाजूने राबलेले. कागदावर गणित सोपं दिसत होतं. निकाल लागला तेव्हा अजित पवारांच्या राष्ट्रवादीचे शंकर मांडेकर साडेएकोणीस हजारांहून जास्त मतांनी जिंकले होते. जो पक्ष मे महिन्यात इथे मागे होता, तोच नोव्हेंबरमध्ये पुढे!

मतदार बदलले का? नाही, प्रश्न बदलला. मांडेकर मुळशीचे. ‘या वेळी आमदार मुळशीचा’ ही भावना प्रचारात उघडपणे बोलली जात होती. मधल्या काळात लाडक्या बहिणीचे हप्ते सुरू झाले होते. शिवाय कुलदीप कोंडे आणि किरण दगडे हे महायुतीतले बंडखोरही मैदानात होते. ते मांडेकरांची मतं खातील असा अंदाज होता, तरी मांडेकर निघाले. मे महिन्यात ज्या भोरकराने स्वतःला ‘पवारसाहेबांचा माणूस’ म्हटलं, त्याने नोव्हेंबरमध्ये स्वतःला भोरचा म्हटलं असेल, आणि मुळशीकराने मुळशीचा. आपण सगळेच एकाच वेळी पाच-सहा गटांत असतो. त्यातला कुठला आज वर येणार, हे उमेदवाराला ओळखावं लागतं किंवा स्वतः वर आणावं लागतं. (संग्राम थोपटे एप्रिल २०२५ मध्ये भाजपमध्ये गेले. तेव्हा त्यांच्या जुन्या मतदारांनी स्वतःला काय म्हणायचं, हा आणखी एक पेपर.)

एक आकडा मात्र लक्षात ठेवा. त्या निवडणुकीत विजयी उमेदवाराला जितकी मतं पडली, त्यापेक्षा बाकी सगळ्यांची मिळून जास्त होती. यात गैर काही नाही, आपली पद्धतच तशी आहे. सगळ्यात पुढे असाल तर जिंकलात, निम्म्यांहून जास्त लागत नाहीत. त्यामुळे ‘सर्वांना सोबत घेऊन’ हे स्टेजवरचं वाक्य असतं, आणि स्टेजमागे बूथनिहाय यादी घेऊन बसलेला माणूस वेगळाच हिशेब करत असतो: कुठली गावं आपली, कुठली गेलेली, आणि कुठल्या गावांसाठी पेट्रोल जाळायचं. अमेरिकेतही तेच. तिथे ५३८ पैकी २७० प्रतिनिधी-मतं लागतात. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांना देशभरात ट्रम्प यांच्यापेक्षा २८ लाखांहून जास्त मतं मिळाली, तरी त्या हरल्या. म्हणून उमेदवार सात-आठ राज्यांतच तळ ठोकतात. बाकीची राज्यं आपल्या ‘पक्क्या’ गावांसारखी. तिथे ना सभा, ना फारशी आश्वासनं. निष्ठावान मतदाराला सगळ्यात कमी मिळतं, हे तुमच्या गावातही तपासून बघा.

आपल्या राष्ट्रपतिपदाच्या उमेदवाराला यातलं काहीच करावं लागत नाही. त्याचे मतदार म्हणजे निवडून आलेले खासदार आणि आमदार. भोरच्या आमदाराच्या मताचं मूल्य १७५, महाराष्ट्रातल्या सगळ्याच आमदारांचं तेवढं. पण तिथेही माणसाच्या दोन ओळखींमधली ओढाताण सुटत नाही. २००७ मध्ये शिवसेना भाजपसोबत होती आणि भाजपच्या आघाडीचा पाठिंबा होता भैरोसिंह शेखावत यांना. समोर काँग्रेस आघाडीच्या प्रतिभा पाटील होत्या. बाळासाहेब ठाकरेंनी मराठी उमेदवार म्हणून प्रतिभाताईंना पाठिंबा दिला. आघाडीपेक्षा मराठीपण वर आलं.

खऱ्या अर्थाने राष्ट्राध्यक्षपदाच्या जवळ जाणारी निवडणूक तुमच्या गावात होते: सरपंचाची. २०१७ मध्ये सरपंच थेट जनतेतून निवडायचा निर्णय झाला, २०२० मध्ये तो रद्द झाला, २०२२ मध्ये परत आला. थेट म्हणजे एका वॉर्डात भावकी सांभाळून भागत नाही. गावठाण, वाड्या, हायवेलगतचे गाळेवाले, नव्याने राहायला आलेले भाडेकरू, मुंबईकर, सगळ्यांकडे जावं लागतं. मुंबईकरांसाठी गाडी पाठवायची प्रथा तुम्ही पाहिली असेल. विधानसभा-लोकसभेला उमेदवाराने मतदारांना फुकट ने-आण करणं हा लोकप्रतिनिधित्व कायद्यात गैरप्रकार धरलाय, हे मात्र गाडीत बसणाऱ्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असतं. आणि अमेरिकेत होतं तसं इथेही होतं: सरपंच एका पॅनलचा, बहुमत दुसऱ्या पॅनलचं. मग पाच वर्षं ग्रामसभेत काय चालतं ते एकदा जाऊन बघा. नेटफ्लिक्सपेक्षा बरं असतं.

सरपंचपदाला उभं राहायला वय लागतं २१. तुमच्यातले काही जण आजही पात्र आहेत.

आणि मतदार म्हणून तुमचा गट? उमेदवारांच्या यादीत तो ‘युवा’ म्हणून असतो, आणि त्याच्यासमोर बहुतेकदा क्रिकेट स्पर्धेचं बक्षीस, गणेश मंडळाची वर्गणी आणि टी-शर्ट लिहिलेलं असतं. याचं एक कारण तुम्हीच आहात. शिकायला पुण्यात, नाव गावच्या यादीत, किंवा कुठेच नाही. आता नोंदणीसाठी वर्षातून चार तारखा आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. त्या तारखेला अठरा पूर्ण असले की नाव घालता येतं. होस्टेलवर राहात असाल तर तिथल्या पत्त्यावर किंवा घरच्या, दोन्हींपैकी एकाच ठिकाणी. कुठे घालायचं हा निर्णयही छोटा नाही. कोथरूडमध्ये तुमचं मत लाखोंतलं एक असेल. वेल्ह्यातल्या एखाद्या छोट्या ग्रामपंचायतीत वॉर्डाचा निकाल दोन-चार मतांवरही फिरतो.

पुढच्या वेळी उमेदवार कापूरहोळला आला की ‘युवकांसाठी काय करणार?’ असं विचारू नका. त्याचं उत्तर त्याच्याकडे पाठ असतं. भोरला एमआयडीसी आणणार म्हणतो, तर जमीन कुठल्या गावची, हे विचारा. रिंगरोडला पाठिंबा आहे का, आणि असेल तर ज्याचं शेत जातंय त्याला काय सांगितलं. भाटघरचं पाणी आधी कोणाला? उत्तर मिळालं की ते मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि इंदापूरच्या मित्राला पाठवा. पुढच्या सभेत त्यानेही हाच प्रश्न विचारायचा.